फ्रॉईडचा उंबरठा ओलांडताना

न्यूयॉर्क सायकोअॅनालिटिक सोसायटीच्या २९ एप्रिल १९४१ रोजीच्या सभेत एका ठरावावर मतदान झाले. ठराव वरकरणी किरकोळ, कार्यालयीन स्वरूपाचा होता. संस्थेतील एका ज्येष्ठ शिक्षिकेचा प्रशिक्षक हा दर्जा काढून घ्यावा आणि यापुढे तिला केवळ व्याख्याता म्हणून ठेवावे, एवढेच त्यात म्हटले होते. तिच्या शिकवण्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्यांची मने अस्वस्थ होतात, असा आक्षेप होता. ठरावाच्या बाजूने २४ मते पडली, विरोधात ७. उरलेल्यांनी मतच दिले नाही. निकाल जाहीर झाला, तशा पंचावन्न वर्षांच्या त्या बाई काही न बोलता उठल्या आणि सभागृहाबाहेर पडल्या. त्यांच्यापाठोपाठ आणखी काही सहकाऱ्यांनीही संस्था सोडली.

या बाई म्हणजे कॅरेन हॉर्नाय. गुलामगिरीतून सुटकेचे एक कृष्णवर्णीय गीत गात ही मंडळी त्या रात्री रस्त्यावरून गेली, अशी आख्यायिका मनोविश्लेषकांच्या वर्तुळात सांगितली जाते. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी त्या रात्री घडले ते साधे नव्हते. सिग्मंड फ्रॉईड यांच्याशी आल्फ्रेड अॅडलर आणि कार्ल युंग यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच फारकत घेतली होती. मात्र ते दोघे फ्रॉईड यांच्या निकटच्या वर्तुळातील पुरुष होते आणि फारकतीनंतर त्यांनी आपापली वेगळी दालने थाटली. हॉर्नाय यांनी दोन दशके फ्रॉईड यांचेच शास्त्र शिकवले, त्याच पद्धतीने रुग्ण तपासले, आणि त्या शास्त्राच्या आतून एकेक भिंत वाजवून पाहिली. ज्या पोकळ वाजल्या, त्या पोकळ आहेत असे त्यांनी लिहून ठेवले.

वाद संस्थेतील पदापुरता नव्हताच. माणूस जो काही घडतो तो कशामुळे, हा मूळ प्रश्न होता. फ्रॉईड यांच्या उत्तराला आज मनोगतिक सिद्धांत म्हणतात. त्यानुसार माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याला स्वतःलाच अज्ञात असतो. त्या अबोधात जन्मजात प्रेरणा, मुख्यतः कामप्रेरणा आणि पुढे त्यात भर पडलेली विनाशाची प्रेरणा, सतत धडका देत असतात. पहिल्या पाच-सहा वर्षांत या प्रेरणांचे आणि आईबापांच्या निर्बंधांचे जे काही होते, त्यातून स्वभावाचा साचा पडतो आणि पुढचे आयुष्य त्याच साच्यातून पुन्हा पुन्हा निघत राहते. उपचाराने हा झगडा उमजतो, थोडा सुसह्य होतो. तो संपत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अब्राहम मास्लो आणि कार्ल रॉजर्स यांनी मांडलेले मानवतावादी मानसशास्त्र याच्या नेमके उलट टोकाला उभे राहिले. माणसाची मूळ ओढ वाढण्याकडे, आपल्यातील सुप्त शक्ती प्रत्यक्षात आणण्याकडे असते, ही वाढ अडली की विकृती येते आणि माणूस आपल्या भूतकाळाचा कैदी नाही, असे हे दुसरे उत्तर होते. पाठ्यपुस्तकांत ही दोन उत्तरे दोन स्वतंत्र प्रकरणांत असतात. हॉर्नाय यांचे आयुष्य मात्र पहिल्या प्रकरणात सुरू झाले आणि दुसऱ्याच्या दाराशी संपले.

हॅम्बुर्गजवळ सप्टेंबर १८८५ मध्ये कॅरेन डॅनिएल्सन हिचा जन्म झाला. वडील नॉर्वेत जन्मलेले, जहाजाचे कप्तान, वर्षातील बराच काळ समुद्रावर असत. ते कर्मठ ल्यूथरन होते. घरी आले की धाक असे, आणि रागाच्या भरात बायबल भिरकावणारे म्हणून मुलांनी त्यांना तसलेच टोपणनाव ठेवले होते. हेच वडील दूरदेशीच्या वस्तू आठवणीने मुलीसाठी आणीत, हेही तितकेच खरे. आई क्लोटिल्ड वयाने नवऱ्यापेक्षा बरीच लहान, सुसंस्कृत आणि असमाधानी होती. घरात कौतुक होते ते चार वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाचे, बेर्न्टचे. कॅरेनही या भावावर जीव टाकीत असे. त्याने एका वयानंतर तिला दूर सारले, तेव्हा नऊ-दहा वर्षांची ही मुलगी खोल खिन्नतेत बुडाली. खिन्नतेचा तो पहिला झटका होता, आणि पुढे आयुष्यभर ते येत राहिले. आपण रूपवान नाही, अशी तिची ठाम समजूत होती. ते नाही तर निदान बुद्धीने सगळ्यांच्या पुढे जायचे, असे तिने मनाशी ठरवले. बाराव्या-तेराव्या वर्षीच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला होता आणि रोजनिशीही सुरू झाली होती.

त्या काळच्या जर्मनीत मुलीने डॉक्टर होण्याची वाट जवळजवळ बंद होती. हॅम्बुर्गमध्ये मुलींसाठी विद्यापीठपूर्व शिक्षणाचे वर्ग नुकतेच निघाले होते. वडिलांचा विरोध होता; आई आणि भावाने गळ घातल्यावर ते कसेबसे राजी झाले. कॅरेन १९०१ मध्ये या वर्गांत दाखल झाली. आई तीन वर्षांनी नवऱ्याचे घर सोडून निघाली. कॅरेनने १९०६ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी नाव घातले. स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या जर्मनीतील पहिल्या विद्यापीठांपैकी ते एक होते. तेथेच ऑस्कर हॉर्नाय हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी भेटला आणि १९०९ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढची दोन वर्षे बर्लिनमध्ये एखाद्या लाटेसारखी अंगावर आली. वडील १९१० मध्ये गेले. आई १९११ च्या आरंभी पक्षाघाताने गेली आणि महिन्याभरात थोरल्या मुलीचा, ब्रिगिटचा जन्म झाला. वैद्यकाची अखेरची परीक्षाही त्याच वर्षीची.

थकवा, निरुत्साह, कामात लक्ष न लागणे, या तक्रारी घेऊन हॉर्नाय १९१० मध्ये कार्ल अब्राहम यांच्याकडे गेल्या. अब्राहम हे फ्रॉईड यांचे जर्मनीतील सर्वांत विश्वासू अनुयायी. त्यांनी या रुग्ण-विद्यार्थिनीची तल्लख बुद्धी चटकन ओळखली आणि तिच्या एका निबंधाविषयी फ्रॉईड यांना पत्रातून कौतुकाने कळवलेही. विश्लेषणातून बापाविषयीचे, भावाविषयीचे पुष्कळ काही वर आले. थकवा मात्र गेला नाही. स्वतःच्या मनाची एवढी उकल होऊनही आपण होतो तिथेच का, हा प्रश्न त्या काळच्या रोजनिशीत वेगवेगळ्या रूपांनी येतो. पुढच्या सगळ्या सिद्धांताचे बीज या अनुत्तरित प्रश्नात होते, असे म्हटले तर ते धाडसाचे ठरू नये.

तरीही त्या शास्त्रावरचा विश्वास ढळला नाही. मुलींच्या बाबतीत तर तो आज वाचताना अंगावर येण्याइतका दृढ होता. बर्लिनमध्ये मेलनी क्लाइन लहान मुलांच्या मनोविश्लेषणाचे प्रयोग करीत होत्या. हॉर्नाय यांनी आपल्या मुलींना त्यांच्याकडे विश्लेषणासाठी पाठवले. आई म्हणून त्या काहीशा अलिप्त होत्या. ब्रिगिट, मारियान आणि रेनाटे या तिघींना फार लवकर स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. ब्रिगिट पुढे जर्मन चित्रपटसृष्टीतील नामवंत अभिनेत्री झाली, तर मारियानने आईचाच व्यवसाय पत्करला.

बर्लिनमधील मनोविश्लेषण संस्थेची स्थापना १९२० मध्ये झाली. हॉर्नाय पहिल्यापासून तिच्या अध्यापकवर्गात होत्या. मनोविश्लेषकांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन दोन वर्षांनी बर्लिनमध्ये भरले, तेव्हा फ्रॉईड स्वतः उपस्थित होते, आणि त्यांच्यासमोरच हॉर्नाय यांनी आपला पहिला मतभेद नोंदवला. स्त्रीच्या मनाची सारी जडणघडण, आपल्याला पुरुषाचे इंद्रिय नाही या बालपणीच्या शोधातून आणि त्यातून येणाऱ्या असूयेतून होते, असे फ्रॉईड मानीत. हॉर्नाय यांनी असूया नाकारली नाही; तिला एवढे मध्यवर्ती स्थान कशाच्या आधारावर द्यायचे, एवढेच विचारले. पुढे १९२६ च्या निबंधात त्या धारदार झाल्या. लहान मुलग्याच्या मुलींविषयीच्या भाबड्या कल्पना त्यांनी एका रकान्यात मांडल्या आणि शेजारच्या रकान्यात स्त्रीच्या विकासाविषयीचे मनोविश्लेषणाचे सिद्धांत मांडले. दोन्ही रकाने जवळजवळ तंतोतंत जुळत होते. हे शास्त्र पुरुषांनी, पुरुषी संस्कृतीत, पुरुषांच्या नजरेने रचलेले आहे, हे सिद्ध करायला आणखी लांबण लावण्याची गरजच उरली नाही. याउलट गर्भधारणेच्या, मूल जन्माला घालण्याच्या स्त्रीच्या शक्तीविषयी पुरुषाच्या मनात किती असूया असते, हे आपल्या पुरुष रुग्णांचे विश्लेषण करताना दिसले आणि आपण चकित झालो, असेही त्यांनी नोंदवले. पुरुषांची बाहेरच्या जगात काही निर्माण करण्याची अखंड धडपड ही त्या उणिवेची भरपाई तर नसेल, ही शंका त्यांचीच.

फ्रॉईड यांनी या टीकेला थेट उत्तर देण्याचे बहुधा टाळले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात मात्र एक टोला आहे. स्वतःमधील इंद्रिय-असूयेची ज्या स्त्री-विश्लेषकाला पुरेशी जाणीव झालेली नाही, तिला आपल्या रुग्णांतही ती दिसणार नाही, अशा आशयाचा. रोख हॉर्नाय यांच्याकडेच होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मतभेद दाखवणाऱ्यालाच रुग्ण ठरवण्याची ही युक्ती मोठी सोयीची होती. तिच्यापुढे कोणताही पुरावा टिकत नाही.

घरात याच काळात पडझड चालली होती. जर्मनीत महागाईने चलनाचा पालापाचोळा झालेल्या १९२३ साली ऑस्कर यांचा व्यवसाय बुडाला. त्यातच मेंदूज्वर झाला आणि माणूस आतून बदलून गेला. भाऊ बेर्न्ट त्याच वर्षी फुप्फुसाच्या संसर्गाने, अवघ्या चाळिशीत गेला. हॉर्नाय यांना आलेले नैराश्य एवढे गहिरे होते की एका सुट्टीत समुद्रात दूरवर पोहत गेलेल्या त्या बराच वेळ एका खांबाला धरून, परतावे की नाही याचा विचार करीत राहिल्या, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्या परतल्या. तीन मुलींना घेऊन १९२६ मध्ये नवऱ्याचे घर सोडले. बावीस वर्षांपूर्वी आईने जे केले होते, ते लेकीने केले.

फ्रान्झ अलेक्झांडर या जुन्या सहकाऱ्याने १९३२ मध्ये शिकागोच्या नव्या मनोविश्लेषण संस्थेत सहसंचालक म्हणून बोलावले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हॉर्नाय अमेरिकेत आल्या. भाषा नवी, परीक्षा पुन्हा द्यायच्या, आणि देश महामंदीच्या खाईत. मायदेशी पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. दोन वर्षांत त्यांनी शिकागो सोडून न्यूयॉर्क गाठले. शिकागोत काय किंवा न्यूयॉर्कमध्ये काय, समोर येणारे रुग्ण बर्लिनमधल्यांसारखे नव्हते. त्यांच्या बोलण्यात दबलेल्या कामवासनेपेक्षा नोकरी जाण्याची भीती होती, शेजाऱ्यापेक्षा मागे पडण्याची लाज होती, यशस्वी होण्याचा ध्यास आणि त्याच यशाची धास्ती होती. प्रेरणा जर सर्व मानवजातीत जन्मजात आणि सारख्याच असतील, तर अटलांटिक ओलांडल्यावर माणसांची दुःखे एवढी का बदलावीत?

या प्रश्नावर बोलायला न्यूयॉर्कमध्ये माणसे होती. एरिक फ्रॉम हे बर्लिनपासूनचे स्नेही. मार्क्सच्या मार्गाने मनोविश्लेषणाकडे पाहणारे. त्यांच्याशी हॉर्नाय यांचे वैचारिक आणि पुढे व्यक्तिगत नातेही जुळले. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड आणि रूथ बेनेडिक्ट वेगवेगळ्या समाजांत स्त्री-पुरुषांचे स्वभाव किती वेगळे घडतात, याची उदाहरणे मांडत होत्या. न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्चमध्ये हॉर्नाय यांच्या व्याख्यानांना सामान्य श्रोत्यांची गर्दी होऊ लागली. त्या व्याख्यानांतून १९३७ मध्ये ‘द न्यूरॉटिक पर्सनॅलिटी ऑफ अवर टाइम’ हे पुस्तक झाले. न्यूरोसिस म्हणजे वेड नव्हे, तर चारचौघांत नीट वावरणाऱ्या माणसाला आतून पोखरणारी ओढाताण. तिचे मूळ वासनेत नसून मूलभूत चिंतेत आहे, असे हॉर्नाय यांनी मांडले. मूल लहान, जग मोठे. आईबापांचे प्रेम खरे नसेल, लहरी असेल किंवा धाकाखाली दडलेले असेल, तर आपण या शत्रुवत जगात एकटे आणि असहाय आहोत ही भावना मुलाच्या मनात रुजते. पुढचे सारे डाव ही भावना टाळण्यासाठी असतात. यात कप्तानाच्या घरातली मुलगी ओळखू येते.

पुढचे पुस्तक १९३९ चे, ‘न्यू वेज इन सायकोअॅनालिसिस’. फ्रॉईड यांच्या सिद्धांताचा एकेक भाग घेऊन त्यात काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा हिशेबच त्यांनी मांडला. अबोध मन ठेवले. वागण्यामागे कारण असते, स्वप्नांना अर्थ असतो, विश्लेषणाला रुग्णाच्या मनाचाच प्रतिकार होतो, हेही ठेवले. कामप्रेरणेचे सार्वभौमत्व, मृत्युप्रेरणा, ईडिपस गंडाची सार्वत्रिकता आणि भूतकाळ यंत्रवत पुन्हा पुन्हा घडत राहतो ही कल्पना टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनला फ्रॉईड यांचे निधन झाले. गुरूच्या जाण्याच्या वर्षी आलेले हे पुस्तक न्यूयॉर्कमधील निष्ठावंतांना झोंबले आणि दोन वर्षांत तो ठराव आला.

बाहेर पडलेल्यांनी १९४१ मध्येच नवी संघटना, नवी प्रशिक्षण संस्था आणि नियतकालिक काढले. मुक्त विचाराची द्वाही फिरवली गेली. आणि मग १९४३ मध्ये एक गोष्ट घडली, जी हॉर्नाय यांचे चाहते घाईने ओलांडून जातात. एरिक फ्रॉम वैद्यक शिकलेले नव्हते. विद्यार्थी त्यांच्याकडे ओढले जात होते. संस्थेने त्यांचा प्रशिक्षणाचा अधिकार काढून घेतला आणि या निर्णयामागे हॉर्नाय उभ्या राहिल्या. दोघांचे व्यक्तिगत नाते तोवर तुटले होते. शिवाय मारियानने फ्रॉम यांच्याकडे विश्लेषण करून घेतल्यानंतर ती आईशी अधिक मोकळेपणाने भांडू लागली होती, याचीही सल होती असे म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हॉर्नाय यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या क्लारा थॉम्पसन आता फ्रॉम यांच्याबरोबर बाहेर पडल्या. स्वतःवर झालेला अन्याय माणसाला न्यायी बनवतोच असे नाही. हॉर्नाय यांच्यातील सत्तेची भूक, प्रेमासाठीची आसक्ती आणि सगळ्यांपासून दूर पळण्याची ओढ या तिन्ही गोष्टी जवळच्यांनी पाहिल्या होत्या.

नेमक्या याच तीन गोष्टी त्यांनी १९४५ च्या पुस्तकात माणसाच्या तीन दिशा म्हणून मांडल्या. मूलभूत चिंतेने ग्रासलेला माणूस एकतर लोकांकडे धावतो, सगळ्यांना खूष ठेवतो, नाही म्हणू शकत नाही. किंवा तो लोकांवर चालून जातो, जग म्हणजे कुस्तीचा आखाडा मानतो. किंवा लोकांपासून दूर सरतो, कुणाचे काही नको म्हणतो. निरोगी माणूस प्रसंग पाहून तिन्ही करतो. अडलेला माणूस एकाच दिशेला जखडतो आणि उरलेल्या दोन आत दाबून टाकतो. ‘सेल्फ-अॅनालिसिस’ या १९४२ च्या पुस्तकात क्लेअर नावाची एक रुग्ण तपशिलाने येते. ती हॉर्नाय स्वतःच होत, असे आज सर्वमान्य आहे.

तथापि सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ अखेरचा होय. ‘न्यूरोसिस अँड ह्यूमन ग्रोथ’ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हॉर्नाय पासष्टीला टेकल्या होत्या. शीर्षकातील वाढ हा शब्दच फ्रॉईड यांच्या वाड्यात कधी न शोभलेला. ओकच्या बीला ओक व्हायला शिकवावे लागत नाही. माती, पाणी आणि ऊन मिळाले की पुरते. माणसातही असा एक खरा ‘स्व’ असतो, वाढू पाहणारा. मात्र चिंतेने घेरलेले मूल आपण जसे आहोत तसे असणे सोडून देते आणि मनात स्वतःची एक दैदीप्यमान मूर्ती घडवते: सर्वांत प्रेमळ, सर्वांत शूर, सर्वांत स्वतंत्र. मग आयुष्य या मूर्तीची पूजा करण्यात जाते. मूर्तीचे हुकूम सुटतात. मला सगळे समजले पाहिजे, मी कधी चिडता कामा नये, मी कुणालाही हवेसे वाटलेच पाहिजे. या हुकुमांच्या सत्तेला हॉर्नाय यांनी जुलूमशाही म्हटले. मराठीत ही जुलूमशाही अनेकदा ‘च’ या एका अक्षरात वसलेली असते. जमले पाहिजे आणि जमलेच पाहिजे यांत जे अंतर आहे, त्यात एखाद्याचे आयुष्य जाते. हुकूम पाळता आले नाहीत की आपल्या खऱ्या, चुकणाऱ्या, थकणाऱ्या स्वतःविषयी तिरस्कार उत्पन्न होतो. या तिरस्काराचे वर्णन करताना हॉर्नाय यांची लेखणी जितकी खोल जाते, तितकी इतरत्र क्वचितच जाते.

हे वाचताना मास्लो आणि रॉजर्स यांची आठवण व्हावी, यात नवल नाही. तरुण मास्लो १९३५ पासून न्यूयॉर्कमध्ये होते आणि हॉर्नाय, फ्रॉम, अॅडलर, बेनेडिक्ट यांच्याकडून ते प्रत्यक्ष शिकले. गरजांच्या उतरंडीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९४३ चा. मानवतावादी मानसशास्त्राचे नियतकालिक १९६१ मध्ये निघाले. फ्रॉईडवाद आणि वर्तनवाद यांच्या पलीकडच्या या तिसऱ्या प्रवाहाच्या पूर्वसूरींत मास्लो यांनी हॉर्नाय यांची गणना केली. रॉजर्स यांचा उपचारही याच जातकुळीचा: समोरच्याला विनाअट स्वीकारा, नीट ऐका, त्याच्यातली वाढीची शक्ती आपोआप जागी होईल.

हॉर्नाय मात्र येथे थबकतात, आणि दोन्ही सिद्धांतांचा खरा तौलनिक विचार येथेच सुरू होतो. मानवतावाद्यांचा माणूस कधी कधी फारच निर्मळ वाटतो. प्रेमळ वातावरण मिळाले की तो फुलणार, अशी त्यांना खात्री असते. हॉर्नाय यांनी फ्रॉईड यांच्याकडून एक संशय उचललेला होता आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही: माणूस स्वतःला फसवतो, आणि आपल्या दुखण्याला प्राणपणाने जपतो. ती दैदीप्यमान मूर्ती मोडायला कुणीही सहजासहजी तयार होत नाही. म्हणून नुसते ऐकून भागत नाही. फसवणूक कोठे आहे ते दाखवावे लागते, आणि रुग्णाला ते दुखते. फ्रॉईड यांना मात्र त्यांचे सांगणे असे होते की ही फसवणूक माणसाचा स्वभावधर्म नव्हे. ती परिस्थितीने शिकवलेली आहे, म्हणून विसरताही येते. शिवाय बालपण शोधण्यापेक्षा आज, या घडीला, तुमचे कोणते डाव चालू आहेत हे पाहणे अधिक उपयोगाचे. या मधल्या जागेची किंमत त्यांना मोजावी लागली. जुन्या मनोविश्लेषकांनी त्यांना उथळ ठरवले, कारण त्यांनी प्रेरणांची खोली सोडली. प्रयोगशाळेत रमणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना त्यांचे निष्कर्ष मोजता येईनात. स्वतः कोणताही पंथ मागे न ठेवल्याने विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही त्या नवफ्रॉईडवादी या सरधोपट शीर्षकाखाली अडकून पडल्या.

त्यांचा एक धागा मात्र अनपेक्षित वाटेने महाराष्ट्रापर्यंत आला. अल्बर्ट एलिस हे मूळचे मनोविश्लेषक. हॉर्नाय यांच्या संस्थेतील एका प्रशिक्षकाकडे त्यांचे स्वतःचे विश्लेषण झाले होते. पुढे मनोविश्लेषण सोडून त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उभारली, तेव्हा ‘पाहिजेच’च्या जुलूमशाहीची कल्पना हॉर्नाय यांची, हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. एलिस यांचा हा विचार मुंबईत रुजवला तो कि. मो. फडके यांनी, आणि मराठीत त्यावर बरेच लेखनही झाले. मराठी वाचकाला त्यातील आग्रही ‘च’ परिचयाचा आहे. त्याची आजी कोण, हे सहसा ठाऊक नसते.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात हॉर्नाय यांना झेन विचाराने ओढून घेतले. दाइसेत्सु सुझुकी हे झेनचे जपानी भाष्यकार न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या परिचयाचे झाले होते. त्यांच्या सोबतीने १९५२ च्या उन्हाळ्यात त्या जपानला गेल्या, ब्रिगिटलाही बरोबर घेतले आणि मठांमध्ये राहून आल्या. शोमा मोरिता या जपानी मनोविकारतज्ज्ञाची उपचारपद्धती त्यांनी तेथे जवळून पाहिली. चिंता नाहीशी करण्याच्या मागे न लागता, ती आहे तशी असू देऊन हातातले काम करावे, असे ही पद्धत शिकवते. चिंतेचे मूळ खणण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांना हे पाहताना काय वाटले असेल, यावर एखादे पुस्तक नक्कीच झाले असते. तेवढा वेळ मिळाला नाही.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी शरदात मनोविश्लेषणाच्या तंत्रावर नवी व्याख्यानमाला सुरू केली. ती अर्धवट राहिली. कर्करोगाचे निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता, आणि ४ डिसेंबर १९५२ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, हॉर्नाय यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने अल्प शुल्कात उपचार करणारे चिकित्सालय मॅनहटनमध्ये १९५५ मध्ये सुरू झाले. स्त्रीमनावरील त्यांचे १९२० आणि ३० च्या दशकांतील निबंध १९६७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि स्त्रीमुक्ती चळवळीतील तरुण वाचकांच्या हाती पडले. तेराव्या वर्षी सुरू केलेली रोजनिशी १९८० मध्ये, तर ती अपुरी राहिलेली व्याख्याने १९८७ मध्ये छापली गेली.